आय-सेव्हन की रायझन? आधी एसएमपीएस दाखव

आमच्या इमारतीतल्या मित्राचा मुलगा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर त्याने खोली भाड्याने घेतली आहे, तोच स्टुडिओ. परवा त्याने तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, आणलेलं कोटेशन मला पाठवलं आणि खाली विचारलं, "काका, लाखाच्या आत बसवायचं आहे. आय-सेव्हन ठेवू की रायझन घेऊ? आणि कुठे कात्री लावू?" आय-सेव्हन हा इंटेलचा प्रोसेसर, रायझन एएमडीचा.

कोटेशन असं होतं: आय-७ १४७०० एफ प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम एकाच स्टिकमध्ये, "१ टीबी जेन फोर" एसएसडी, "५५० वॅट एसएमपीएस" (भिंतीतली वीज मशीनच्या भागांना लागते तशी करून देणारा डबा), समोर काच आणि चार रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर आणि ६०० व्हीएचा यूपीएस. प्रोसेसरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिलेला. एसएसडी आणि एसएमपीएसला कंपनीचं नावसुद्धा नाही. तिथेच मला कळलं दुकानदाराचा नफा कुठे आहे ते. त्यात त्याचा दोष नाही. गिऱ्हाईक जे विचारतं ते तो ठळक लिहितो.

तर बाळा, मी पंचवीसेक वर्षं स्वतःची आणि लोकांची मशीनं जुळवतोय, दिवसाचे दहा तास त्यांच्यासमोर बसतोय, आणि माझं एक ठाम मत झालंय. मशीन किती चांगलं आहे हे त्याच्या सगळ्यात वाईट क्षणावरून ठरवायचं. युट्यूबवरचे आकडे सगळ्यात चांगल्या क्षणाचे असतात: एसीतली खोली, रिकामी एसएसडी, स्थिर वीज. तुझा वाईट क्षण म्हणजे मे महिन्यातली रात्र, पत्र्याखालची खोली, भरत आलेली डिस्क, सकाळी नऊला द्यायचा व्हिडिओ, आणि तेवढ्यात लाइट लुकलुकणं. त्या क्षणासाठी खरेदी कर.

म्हणून सुरुवात एसएमपीएसपासून.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस, समोरून वीज पूर्ण गेली तरी आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. डेस्कटॉपच्या एटीएक्स मानकात तशी अपेक्षाच आहे. नेहमीच्या घरगुती (लाइन-इंटरॅक्टिव्ह) यूपीएसला बॅटरीवर जायला चारपासून दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे गणित बसतं, पण जेमतेम. स्वस्त एसएमपीएसमध्ये पहिली काटकसर होते ती याच कपॅसिटरवर, कारण तो महाग असतो आणि बाहेरून दिसत नाही. मग यूपीएस असूनही मशीन बंद पडतं आणि लोक यूपीएसला शिव्या घालतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११-१२ च्या सुमारास माझ्याच टेबलाखाली असं मशीन होतं. इमारतीची लिफ्ट सुरू झाली की ट्यूबलाइट किंचित दबायची आणि माझं मशीन रीस्टार्ट. रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, यूपीएसची बॅटरी बदलली. तीन आठवडे गेले. शेवटी एका मित्राचा जुना पण चांगला एसएमपीएस लावून पाहिला, तेव्हा खोड सापडली. काढलेला हातात घेऊन पाहिला तर पाव किलो साखरेच्या पुडीसारखा हलका. वजन ही काही शास्त्रीय परीक्षा नव्हे, पण तपकीर गल्लीत दोन डबे दोन हातांत घेऊन पाहा, फरक हाताला कळतो.

८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे शिक्के पाहशील. ते कार्यक्षमतेचे आहेत. अर्ध्या भाराला ब्रॉन्झ सुमारे ८५ टक्के, गोल्ड सुमारे ९० टक्के. वीज अचानक वाढली तर संरक्षण कसं आहे, कपॅसिटर कोणत्या प्रतीचे, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यापेक्षा वॉरंटी बघ. कंपनी स्वतःच्या मालावर पाच किंवा सात वर्षं द्यायला तयार असेल तर तिने काहीतरी मोजलेलं असतं. ६५० वॅटचा घे. एवढी गरज तुला लागणार नाही, पण अर्ध्या भारावर चालणारा एसएमपीएस गार राहतो आणि त्याचा पंखा ओरडत नाही.

यूपीएसचं तर सरळच आहे. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. एक्स्पोर्ट चालू असताना तुझं मशीन आणि मॉनिटर मिळून तो आकडा सहज गाठतील, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर यूपीएस एक लांब शिट्टी मारून झोपेल. १००० ते ११०० व्हीएचा घे. त्याने अर्धा तास काम करायचं नाहीये, फाइल सेव्ह करून शांतपणे बंद करायला पाच-सात मिनिटं मिळाली की पुष्कळ. आतली शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च धरून चाल. आणि घरमालकाने इन्व्हर्टर बसवलेला आहे म्हणून यूपीएस नको, असं कुणी सांगितलं तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघ. बहुतेकांवर यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये पंखा-दिवे चालतात, पण बदल इतका सावकाश होतो की कम्प्युटर टिकत नाही. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारी जाते हे आपल्याला माहीत असतं, तो प्रश्नच नाही. यूपीएस लागतो तो बाकीच्या सहा दिवसांच्या लुकलुकण्यासाठी.

वाड्याचं म्हणशील तर आणखी एक. तुझ्या आत्ताच्या मशीनच्या पत्र्याला अनवाणी उभा राहून हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर त्या खोलीच्या प्लगला अर्थिंग नाही. तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे तिसऱ्या भोकात वायर आहेच असं जुन्या बांधकामात समजू नये. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि तो अर्थिंगमधून जाणं अपेक्षित असतं. वाट नसेल तर तो तुझ्यातून जातो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे, ते स्वतः करायचं काम नव्हे. सर्ज प्रोटेक्टरची पट्टीही अर्थिंगशिवाय निम्मी निरुपयोगी.

आता तुझा मूळ प्रश्न. तू विचारलंस आय-सेव्हन की रायझन. मला त्या मॉडेलच्या शेवटचा "एफ" खुपतोय.

एफ म्हणजे प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स बंद. दुकानदार म्हणतो, कार्ड लावतोयस ना, मग ते काय करायचंय, दीड-दोन हजार वाचतात. गेम खेळणाऱ्यासाठी हे बरोबर आहे. तुझ्यासाठी चूक. तुझे कॅमेरे ४:२:२ १०-बिट एचईव्हीसीत, म्हणजे रंगाची जास्त माहिती राखून घट्ट दाबलेल्या फाइलीत, शूट करतात ना? रंग सुधारायला ते उत्तम, पण ते फुटेज उलगडणारं हार्डवेअर फार कमी ठिकाणी असतं. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये, क्विक सिंक नावाने, ते अकराव्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ते थेट ५० मालिकेत आलं. ३० आणि ४० मालिकेतल्या कितीही महाग कार्डात नाही. रायझनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतही नाही. म्हणजे ४० मालिकेचं कार्ड आणि एफ प्रोसेसर अशी जोडी घेतलीस तर लाखाच्या मशीनवर एडिटिंगची टाइमलाइन अडखळणार, आणि शेजारी कुणाच्या साध्या आय-फाइव्हवर तेच फुटेज लोण्यासारखं सरकणार. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. तो माणूस महिनाभर प्रत्येक क्लिपची प्रॉक्सी, म्हणजे हलकी नक्कल, बनवत बसला होता.

म्हणून: आय-५ १४५००, एफ नसलेला. त्यात क्विक सिंकची दोन इंजिनं आहेत. १४४०० मध्ये एकच आहे, म्हणून तिथे मी उतरणार नाही. आय-सेव्हनमध्ये २० कोर, यात १४. अंतिम एक्स्पोर्टला काही मिनिटांचा फरक पडेल, आणि एक्स्पोर्ट तू लावतोस तेव्हा खाली चहा प्यायला जातोस. टाइमलाइनवर मात्र तू दिवसभर बसतोस. शिवाय एक फायदा कुणी सांगत नाही: कार्ड वॉरंटीत पाठवावं लागलं तर अंगभूत ग्राफिक्सवर मशीन चालू राहतं. कार्ड परत यायला किती आठवडे लागतील हे देवालाच ठाऊक.

उष्णतेचा हिशेबही इथेच येतो. आय-सेव्हन १४७०० कागदोपत्री ६५ वॅटचा असतो, पण जोर लावला की तो २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. १४५०० जास्तीत जास्त १५४. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही जवळपास तेवढंच वाढतं, आणि तुझ्या माडीवर मेमध्ये रात्री अकरालाही ३४-३५ असतं. कार्ड धरून साडेतीनशे वॅटचं मशीन म्हणजे खोलीत ठेवलेला छोटा हीटर. पंखा ती हवा तुझ्याच तोंडावर फिरवतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन वीजमर्यादा खाली आणता येते. मी स्वतः रायझन वापरतो आणि गेली दोन वर्षं तो ६५ वॅटच्या इको मोडवर ठेवलाय. माझा मोठा कोड कम्पाइल व्हायला अकराऐवजी बारा-साडेबारा मिनिटं लागतात. त्या दीड मिनिटाच्या बदल्यात शेजारच्या खोलीतल्या आईचा रेडिओ मला ऐकू येतो.

इंटेल घेतोस तर पहिल्या दिवशी बायोस अपडेट कर. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुकानात पडून असलेल्या मदरबोर्डवर जुनाच बायोस असू शकतो. दुकानदाराला तिथेच करून द्यायला सांग.

"पण काका, एएम५ वर पुढे प्रोसेसर बदलता येईल." येईल, खरं आहे. एएम५ हे रायझनचं सॉकेट, एएम४ त्याच्या आधीचं. एएम४ च्या २०१७ मधल्या बोर्डांवर लोकांनी २०२२ चा ५८०० एक्स३डी प्रोसेसर बसवला, आणि इंटेलचं हे सॉकेट चौदाव्या पिढीबरोबर संपलं. पण मी आजवर लोकांना जुळवून दिलेल्या मशीनांपैकी कितीजणांनी त्याच बोर्डवर प्रोसेसर बदलला, ते बोटांवर मोजता येईल. लोक रॅम वाढवतात, डिस्क वाढवतात, मग पाच-सहा वर्षांनी सगळंच बदलतात. तुझं काम कोड कम्पाइल करण्याचं असतं तर मी रायझनच सांगितला असता.

एसएसडीवर ७००० एमबी प्रतिसेकंद लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नकोस. तुझा कॅमेरा जास्तीत जास्त २०० मेगाबिटने रेकॉर्ड करतो असं धर, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलंस तरी १००. जुन्या साटा जोडणीची एसएसडीसुद्धा ५५० देते. वाचण्याचा वेग हा तुझा प्रश्न नाहीच.

प्रश्न लिहिण्याचा आहे, तोही डिस्क भरत आल्यावर. स्वस्त एसएसडीत क्यूएलसी पेशी असतात, एका पेशीत चार बिट. तिथे लिहिणं मुळात संथ असतं, म्हणून ती रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता वेगवान कप्पा म्हणून वापरते. डिस्क रिकामी असते तेव्हा कप्पा मोठा आणि सगळं झकास. पाऊण भरली की कप्पा आक्रसतो. माझ्या मेहुण्याच्या मशीनवर एकदा ४०० जीबीचा प्रोजेक्ट हलवत होतो. पहिली दोन-तीन मिनिटं आलेख वर टेकलेला, मग धाडकन सेकंदाला शंभर एमबीवर, आणि तिथेच आडवा पडलेला. उरलेल्या ३०० जीबीला ५० मिनिटं. म्हणजे शेवटी ती फिरत्या हार्ड डिस्कच्या रांगेत जाऊन बसली. टीएलसी माग, एका पेशीत तीन बिटवाली. विक्रेत्याला माहीत नसेल तर टीबीडब्ल्यूचा (किती टेराबाइट लिहिण्याची हमी) आकडा बघ: १ टीबीच्या डिस्कला ६०० च्या आसपास असेल तर बहुधा टीएलसी, दोनशे-सव्वादोनशे असेल तर क्यूएलसी. आणि एकच १ टीबी नको. विंडोजला ५०० जीबीची वेगळी घे, कामाला १ टीबी वेगळी. बोर्डवर एसएसडीच्या दोन एम.२ खाचा आहेत ना तेवढं बघ.

बॅकअपबद्दल तुला सांगायला नको, तरी सांगतो. गेम परत डाउनलोड होतो, लग्न परत लागत नाही. मुहूर्त, गुरुजी आणि सासरेबुवा तिन्ही पुन्हा जमवणार कोण? दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, एक स्टुडिओत, एक घरी. इथे स्वस्त आणि संथ पूर्ण चालेल. व्हिडिओ दिल्याशिवाय आणि पैसे हातात आल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

रॅमचं नाइलाजाने थोडक्यात. २०२५ च्या शेवटापासून भाव असे भडकलेत की ३२ जीबी घे म्हणताना जीभ अडखळते. डेटा सेंटरवाले सगळं उचलतायत. तरीही १६ मध्ये तुझं भागणार नाही. चौदाव्या पिढीला डीडीआर५ शिवाय जुन्या डीडीआर४ रॅमचे बोर्डही मिळतात; दोन्हीचे त्या दिवसाचे भाव विचार आणि जो संच स्वस्त पडेल तो घे, तुझ्या कामात फरक जाणवणार नाही. मात्र एका स्टिकऐवजी दोन. एका स्टिकवर मेमरीचा रस्ता अर्धा होतो, आणि अंगभूत ग्राफिक्सला तोच रस्ता लागतो.

ग्राफिक्स कार्ड ५० मालिकेतलं ८ जीबीचं पुरे. एआयचे मॉडेल घरीच चालवायचे असतील तर ८ जीबी तोकडं पडेल, पण ते तू विचारलेलं नाहीस.

मॉनिटरवर मात्र मला भांडायचंय. सगळ्या कोटेशनमध्ये हीच एक वस्तू तुझ्या डोळ्यांसमोर प्रत्येक मिनिट असणार आहे आणि हीच पुढच्या मशीनलाही चालणार आहे. २४ इंची फुल एचडीवर इंचाला ९२ ठिपके येतात. इंग्रजीला ते चालून जातं. आपल्या लिपीचं तसं नाही. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सगळं तेवढ्याच ठिपक्यांत कोंबायचं. छोट्या अक्षरात "ष्ट्र" किंवा "द्ध" लिहून बघ, शाईचा डाग दिसतो. तू व्हिडिओवर वधू-वरांची नावं मराठीत टाकतोस. "सिद्धी" चं "सिध्दी" झालेलं तुला दिसणार नाही आणि तिच्या आजीला टीव्हीवर लगेच दिसेल. २७ इंची १४४०पी म्हणजे १०९ ठिपके, ४के म्हणजे १६३. बजेटमध्ये आयपीएस पॅनेलचा १४४०पी बसव, एसआरजीबी हा प्रमाण रंगपट्टा जवळपास पूर्ण दाखवणारा. व्हीए नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलवर (यूपीएसच्या व्हीएशी संबंध नाही) अंधारातल्या हालचाली फरफटतात आणि तुझी अर्धी फुटेजं संगीताच्या रात्रीची असतात. ओलेड सुंदर असतो, पण एडिटिंगच्या त्याच त्या पट्ट्या दिवसाचे आठ तास एका जागी दिसणार, बर्न-इनची, म्हणजे पडद्यावर त्यांचा कायमचा ठसा उमटण्याची, भीती राहते.

कॅबिनेटची समोरची काच काढून टाक, म्हणजे जाळीचं कॅबिनेट घे. काचेमागचे पंखे हवा ओढतात कुठून? कडेच्या बोटभर फटीतून. समोर दोन पंखे आत, मागे एक बाहेर. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडकते. लक्ष्मी रोडच्या बाजूची खिडकी असेल तर तो फिल्टर दर महिन्याला नळाखाली धरावा लागेल. दिवाळीत घर झाडताना एकदा आतूनही ब्लोअर मार, पण पंख्याचं पातं बोटाने धरून.

पैशांचा मेळ असा बसतो: आय-सेव्हनवरून आय-फाइव्हवर आल्याने आणि रंगीत पंखे गेल्याने जे वाचतं, ते एसएमपीएस, यूपीएस आणि मॉनिटरमध्ये जातं. दुसऱ्या एसएसडीला आणि वाढीव रॅमला कदाचित आणखी थोडी भर घालावी लागेल. तसं झालं तर ग्राफिक्स कार्ड सहा महिने पुढे ढकल. या प्रोसेसरवर त्याच्याशिवायही काम सुरू होतं, हे एफ न घेण्याचं आणखी एक सुख.

दुकानदार "विदाऊट बिल" म्हणेल. १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण मग वॉरंटीत तू कोण आणि दुकान कोण? पक्कं बिल घे, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घे आणि तिथेच उभा राहून खोक्यांवरच्या नंबरांशी ताडून बघ. पुढे जीएसटी नोंदणी केलीस तर पुढच्या खरेदीत तो कर वळताही करून घेता येईल.

आता कोटेशन नव्याने लिहून आण आणि मला पाठव. एसएमपीएस आणि एसएसडीचे मॉडेल नंबर पूर्ण लिहिलेले हवेत, नुसतं "५५० वॅट" चालणार नाही. आणि इलेक्ट्रिशियन येऊन गेल्याशिवाय मशीन माडीवर चढवू नकोस.